तीन कपांचा मोका: बोलोन्याहून डिचोलीत आणला, दहा महिने वापरला

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते, नंतर मला शिव्या नकोत. मोका म्हणजे गॅसवर ठेवून कॉफी करायचं इटालियन भांडं, आणि ह्या भांड्यातून एस्प्रेसो येत नाही. खोक्यावर काहीही छापलेलं असूदे. एस्प्रेसोच्या मशीनमध्ये साधारण ९ बारचं प्रेशर असतं, ह्यात जेमतेम एक-दोन, त्यामुळे वर तो तपकिरी फेसाचा थर बिर काही धरत नाही. येते ती काळी, दाट, कडक कॉफी. आणि "तीन कप" म्हणजे इटलीतले तीन कप, आपल्याकडे भातुकलीत असतात तेवढे. आमच्या घरातल्या चहाच्या एका कपात अख्खा मोका ओतला तरी वर दुधाला जागा उरते. एवढं वाचूनही ज्यांना घ्यावासा वाटतोय त्यांनीच पुढे वाचा.

तर झालं असं, माझी शाळेपासूनची मैत्रीण चार वर्षं इटलीत बोलोन्याला आहे, तिथल्या युनिव्हर्सिटीत रिसर्च करते. ही युनिव्हर्सिटी १०८८ पासूनची म्हणतात, म्हणजे आमच्याकडे गोव्यात कदंबांचं राज्य होतं तेव्हाची. ती गणेश चवथीला घरी आली की जाताना दरवर्षी "यंदा तरी ये गो" म्हणायची आणि मी दरवर्षी "बघूया" म्हणायचे. मागच्या ऑक्टोबरात शेवटी बँकेतून सोळा दिवसांची रजा काढली, व्हिसाचे ९० युरो भरले आणि गेले. बॅगेत काय न्यायचं ह्यावर आमच्याकडे आठवडाभर चर्चा चालली, कारण युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, मासळी मात्र चालते. म्हणजे पेढे बाद, सुकी सुंगटं (कोळंबी) पास. मग सुंगटं, सोलं, आणि मामाच्या सावईवेऱ्याच्या कुळागरातली, म्हणजे सुपारी-मसाल्याच्या बागेतली जायफळं, जायपत्रीसकट. ही जायफळं लक्षात ठेवा, पुढे येणार आहेत.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खिडक्यांना बाहेरून हिरव्या लाकडी झडपा, बाथरूममध्ये कमोडच्या शेजारी बिडे, म्हणजे बसून धुवायचं बेसिन. हे बिडे प्रकरण बघून मी एवढी खूश झाले की विचारू नका, परदेशात जाताना आपल्या माणसाची खरी काळजी काय असते ते सगळ्यांनाच ठाऊक आहे, आणि तिकडे १९७५ च्या सरकारी आदेशानुसार घरातल्या निदान एका बाथरूममध्ये तो असायलाच लागतो. अर्धं टेन्शन पहिल्याच रात्री गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती आवाजाने. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी आतून जशी कुरकुर सुरू होते ना तसा आवाज, आणि पाठोपाठ वास. उठून गेले तर ही डोळे अर्धे मिटलेल्या अवस्थेत गॅसपुढे उभी आणि गॅसवर आठ कोनांची एक चंदेरी किटली, झाकण उघडं, मधल्या नळीतून मधासारखं काहीतरी हळूहळू वर येतंय. तिने चमच्याने आत एकदा ढवळलं आणि न बोलता माझ्या हातात एवढासा कप दिला. मी म्हटलं, दूध?

"आधी पी गो. मग बोल."

प्यायले. पहिला घोट कडू जहर, दुसरा ठीक, आणि तिसऱ्याला कप संपलाच.

ती साडेआठला लॅबला जायची, त्यानंतर दिवसभर मी एकटी. पहिले दोन दिवस टुरिस्टसारखी फिरले. शहरभर पोर्तिको आहेत, म्हणजे फुटपाथवर इमारतीच कमानी करून पुढे आलेल्या, सगळे मिळून ६२ किलोमीटर, २०२१ मध्ये त्यांना युनेस्कोचा दर्जा मिळाला. छत्री न उघडता शहराच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला जाता येतं, डिचोलीच्या माणसाला ह्याची किंमत काय ती जूनमध्ये विचारा. सान लुकाच्या टेकडीवरच्या देवळापर्यंतचा पोर्तिको ६६६ कमानींचा, तो चढून आले, पोटऱ्या भरून आल्या. दोन उंच मनोरे आहेत, त्यातल्या वाकड्याची डागडुजी चालू म्हणून तिथे कुंपण. झालं. तिसऱ्या दिवसापासून मी मैत्रिणीच्या गल्लीतच राहायला लागले आणि खरी मजा तिथे आली.

घराखाली एक बार होता. गोव्यात बार म्हटलं की काय ते मी सांगायला नको, आमच्या वाड्यावरच तीन आहेत आणि दुपारी बाराला त्यांच्या दारात कोणाच्या स्कूटर असतात तेही सगळ्यांना माहीत असतं. इटलीतला बार सकाळी सातला गजबजलेला. नातवाला शाळेत सोडून आलेल्या आज्या, रस्ता खणणारे कामगार, सुटातले वकील, सगळे काउंटरला टेकून उभ्या उभ्या कॉफी पिणार, दोन वाक्यं बोलणार, निघणार. तीन मिनिटं फार. कॉफी म्हटलं की एस्प्रेसोच, वेगळं सांगावं लागत नाही. उभ्याने प्यायलात तर १ युरो ३० सेंट, त्याच कॉफीसाठी टेबलावर बसलात तर चौकातल्या बारमध्ये दुप्पटही लावतात, आणि ह्यात लबाडी कोणाला वाटत नाही कारण दोन्ही रेट लिहून ठेवलेले असतात. स्टेशनवरच्या बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती काउंटरवर ठेवायची, मग कॉफी. गल्लीतल्या बारमध्ये आधी प्या, मग द्या. मला हा फरक कळेपर्यंत मी दोन्हीकडे उलटं करत होते.

चौथ्या दिवशी दुपारी तीनला मी तिथे कापुचिनो मागितला. बारवाल्याने दिला, अगदी नीट करून दिला, पण जेवण झाल्यावर पाहुण्याने सोलकढीऐवजी शिरा मागावा तसा चेहरा केला. दूध घातलेली कॉफी म्हणजे सकाळचा नाश्ता, अकरानंतर फक्त काळी, असा तिथला अलिखित कायदा. मैत्रिणीला संध्याकाळी सांगितलं तर ती म्हणाली, "मला ह्या गल्लीत राहायचंय गो अजून."

बाकी बऱ्याच गोष्टी आपल्याच वाटत होत्या. दुपारी एक ते साडेतीन-चार छोटी दुकानं बंद, शटर खाली, रस्ता गप्प. मुंबई-पुण्याचे लोक गोव्यात येऊन ह्याच गोष्टीवरून आम्हाला नावं ठेवतात आणि तेच लोक इटलीत जाऊन काय निवांत लोक आहेत म्हणून फोटो टाकतात. बोलोन्यात तर बरीच दुकानं गुरुवारी दुपारनंतर उघडतच नाहीत. बाजार भरतो शुक्रवारी आणि शनिवारी, आठ ऑगस्ट नावाच्या चौकात, कपडे, चपला, टोप्या, पडदे, म्हापशाचा शुक्रवार जसाच्या तसा, फक्त चणे-कुरमुरे आणि चोरीस (आमची गोव्याची सॉसेजं) नाहीत. सुपरमार्केटात मात्र माझी पंचाईत झाली. भाजीला उघडा हात लावायचा नाही, आधी प्लास्टिकचा पातळ मोजा घालायचा, मग स्वतः वजन करून चिकटपट्टी लावायची. मी म्हापशात भेंडीचं शेपूट मोडून बघितल्याशिवाय पिशवीत टाकत नाही, हात आपोआप गेला, मैत्रिणीने तो वरच्या वर पकडला.

रविवारी सकाळी सुंगटं भाजली. तिलाच खायची होती, चार वर्षांत तिकडे एकदाही खाल्ली नव्हती. झडपा उघडल्या, पंखा लावला, तरी पाच मिनिटांत दारावरची घंटा. समोरच्या दारातली सत्तरीची सिन्योरा. मैत्रिणीचा चेहरा पांढरा. बाई मात्र भांडायला आल्या नव्हत्या, काय शिजतंय ते बघायला आल्या होत्या. एक सुंगट तोंडात टाकलं, बराच वेळ चावलं, हाताने नको नको केलं आणि टेबलावर मी ठेवलेल्या जायफळांकडे बोट दाखवलं. हे काय? मैत्रिणीने सांगितलं, नोचे मोस्काता. बाईंचा विश्वास बसेना. आयुष्यभर जायफळ वापरलेली बाई, पण बाटलीत मिळतं ते करड्या गोट्यासारखं सोललेलं. वरची लाल जायपत्री आणि आतली काळी कवची असलेलं तिने कधी बघितलंच नव्हतं. मी एक फोडून दाखवलं, चार दिले, आणि त्या बदल्यात आम्हाला तिच्याकडे जेवायचं आमंत्रण.

जेवायचं म्हणजे आधी करायला बसायचं. बोलोन्याच्या लोकांना पीठ लाटण्याबद्दल काय वाटतं ते एका गोष्टीवरून कळेल, १९७२ मध्ये त्यांनी सोन्याची तालियातेल्ला, म्हणजे त्यांच्या पट्टीसारख्या पास्त्याची एक पट्टी, करून चेंबर ऑफ कॉमर्समध्ये ठेवली, माप म्हणून, शिजल्यावर रुंदी बरोब्बर ८ मिलिमीटर. तोर्तेल्लीनी म्हणजे सारण भरलेला छोटा पास्ता, त्यात डुकराचं मांस असतं, मी खात नाही म्हटल्यावर तिने तोर्तेल्लोनी करायला घेतले, आकाराने मोठे, आत रिकोत्ता चीज, पार्मेजान, पार्सली आणि वरून किसलेलं माझ्या मामाचं जायफळ. चौकोन कापायचा, सारण ठेवायचं, नेवरीसारखं दुमडायचं आणि मग दोन टोकं बोटाभोवती फिरवून चिकटवायची. मी केलेले पाच पाण्यात सुटले. तिने ते माझ्याच ताटात वाढले.

आणि जेवणानंतर मोका. तिचा नऊ कपांचा, लग्नातला, बाहेरून बूड काळं ठिक्कर, मूठ एकदा बदललेली. तिने जे शिकवलं तेच मी अजून करते, म्हणून इथे सांगते. खालच्या भांड्याला बाजूला एक पितळी बटण असतं, तो व्हॉल्व्ह, कुकरचा असतो तसा, पाणी त्याच्या खालपर्यंतच, तो बुडता कामा नये. मधल्या चाळणीत कॉफी काठापर्यंत भरायची आणि बोटाने सपाट करायची, दाबायची नाही. दाबली की पाण्याला वाट मिळत नाही, कॉफी जळते. वरचं भांडं घट्ट फिरवायचं, पण मुठीला धरून नाही, नाहीतर मूठ तुटते. आच अगदी बारीक, झाकण उघडं. खालचं पाणी तापतं, आत वाफ आणि हवा फुगते, ती पाण्याला कॉफीतून वर ढकलते, एवढंच मशीन. वर येणारी धार गडद तपकिरीची पिवळसर होऊन गुरगुरायला लागली की तिथेच गॅस बंद, शेवटपर्यंत गुरगुरू दिलं की कडूपणा उतरतो. ओतायच्या आधी ढवळायचं, कारण आधी आलेली कॉफी दाट असते, नंतरची पातळ.

आणि धुताना साबण नाही, नुसतं गरम पाणी आणि हात. साबणाने धुतलं तर काय होतं असं मी विचारलं, तेव्हा चपला घालून देवघरात जाऊ का असं विचारल्यासारखी तिने माझ्याकडे बघितलं.

निघायच्या आदल्या दिवशी भांडी विकणाऱ्या एका छोट्या दुकानात गेलो. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, घरात माणसं किती? मी चार म्हटलं, त्याने सहा कपांचा काढला. मैत्रीण म्हणाली, कॉफी पिणारी तू एकटी, तीनचा घे, कारण मोका नेहमी पूर्णच भरावा लागतो, सहाच्यात तीनपुरतं पाणी आणि अर्धी चाळणी असं चालत नाही. हा सल्ला सोन्यासारखा. मोका घेताना लोक इथेच चुकतात, मोठा घेतात आणि मग अर्धा भरून कॉफी पाणचट आली म्हणून ओरडतात.

२४ युरो दिले. बियालेत्तीचा मिशीवाल्या माणसाचं चित्र असलेलाही होता, पण मला दुसऱ्या एका कंपनीची लाकडी रंगाची मूठ आवडली, आत सगळं तेच. मूळ डिझाइन त्या बियालेत्तीचंच, आल्फोन्सो बियालेत्ती, १९३३, अ‍ॅल्युमिनियमचा. गोष्ट अशी सांगतात की कपडे उकळायच्या त्या काळच्या भांड्यात साबणाचं पाणी मधल्या नळीतून वर येऊन कपड्यांवर पडायचं, ते बघून त्याला हे सुचलं. युद्धानंतर मुलाने, रेनातोने, जाहिराती करून ते घरोघर पोचवलं, आणि २०१६ मध्ये तो वारला तेव्हा त्याची रक्षा मोठ्या मोका पॉटमध्ये ठेवून पुरली. ह्याला म्हणतात धंद्यावरची निष्ठा. नाव मोका ते येमेनच्या मोखा बंदरावरून. आणि त्याच मोखाहून बाबा बुदनने सात बिया लपवून आणून चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या अशी आख्यायिका आहे, तिथूनच आपल्याकडची कॉफी. म्हणजे आमच्या शेजारच्या राज्यातली कॉफी आणि हे भांडं एकाच गावचं नाव सांगतात. मी ही गोष्ट घरी आल्याआल्या सगळ्यांना सांगितली, कोणालाही काही वाटलं नाही.

आता डिचोलीतला अनुभव.

पहिली अडचण गॅस. आपल्या शेगडीच्या पायांमध्ये अंतर जास्त, मोक्याचं बूड लहान, मोका कलंडतो. तिकडे ह्यासाठी एक छोटी लोखंडी जाळी वेगळी मिळते, ती घ्यायची राहिली. मी पापड भाजायची जाळी ठेवते, काम होतं. छोटा बर्नर, बारीक आच, आणि ज्योत बुडाच्या बाहेर आली नाही पाहिजे. पहिल्या आठवड्यात मी घाईत आच मोठी ठेवली, ज्योत वर चढली आणि त्या सुंदर मुठीला खालून फोड आला. चूक माझी. इंडक्शनवाल्यांनी अ‍ॅल्युमिनियमचा घेऊच नका, तापणारच नाही, स्टीलचा आणि खोक्यावर इंडक्शन लिहिलेला बघा.

दुसरी अडचण पावडर. बोलोन्याहून आणलेली दोन पाकिटं डिसेंबरात संपली. मग बाजारातून फिल्टर कॉफीची सत्तर-तीस आणली, म्हणजे तीस टक्के चिकोरी, कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड. चिकोरी पाण्यात विरघळते, चाळणीत चिखल होतो, वर पाणी येईना, व्हॉल्व्हमधून फुस्स करून वाफ सुटली आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर पळाली. व्हॉल्व्हने आपलं काम केलं ह्याचं मला कौतुक वाटलं, आईला नाही. आता मी बिनचिकोरीची चिकमंगळूरची कॉफी मागवते, दळताना सांगते की बारीक रव्याएवढी ठेवा, मैद्यासारखी नको. इन्स्टंट घातली तर काय, असं मला ऑफिसात दोघांनी विचारलंय. घालू नका हो.

तिसरी अडचण आमची आई. मी ऑफिसला गेलेली असताना तिने मोका बघितला, आतून पिवळा-तपकिरी. "चार महिने हे असं घाणेरडं भांडं वापरतेय" म्हणून काथ्या, भांड्यांची पावडर आणि वर चिंच लावून घासला. संध्याकाळी आले तर मोका खिडकीत उलटा घातलेला, देवाच्या समईसारखा लखलखतोय, आणि आई शाबासकीची वाट बघत उभी. काय बोलणार. त्या संध्याकाळची कॉफी जिभेवर पत्रा ठेवल्यासारखी लागली. नवा मोका घेतला की पहिल्या तीन वेळची कॉफी करून फेकायची असते, ती सगळी प्रक्रिया पुन्हा. आता मोका माझ्या कपाटात, पुस्तकांच्या शेजारी.

आणि तिथेच चौथी अडचण. जूनमध्ये एकदा घाईत चोथा न काढता, तसाच ओला, घट्ट बंद करून कपाटात ठेवला आणि तीन दिवस पुण्याला गेले. आल्यावर उघडला तर चाळणीत हिरवी-पांढरी बुरशी, कापसासारखी, बोटभर. आमच्याकडे पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, कॉफीवर का नाही येणार. इटलीतल्या कुठल्याही सिन्योराने मला हे सांगितलं नव्हतं कारण त्यांच्याकडे असा जून नसतो. लिंबू पिळलेलं पाणी दोनदा उकळून काढलं, पुन्हा तीन कॉफ्या फेकल्या. म्हणून कोकणपट्टीतल्या लोकांसाठी नियम: धुतल्याबरोबर पुसायचा, तिन्ही भाग सुटे ठेवायचे, फिरवून बंद करायचा नाही. आतमध्ये पांढरे ठिपके दिसले तर घाबरू नका, पाण्यातला क्षार बसतो किंवा अ‍ॅल्युमिनियमवर तसं येतं.

रबर हा ह्यातला एकमेव भाग जो संपतो. कुकरच्या रबरासारखाच, कडक झाला की मधल्या आट्यांमधून पाणी झिरपायला लागतं, प्रेशर जातं, वर अर्धीच कॉफी येते. रोज एकदा वापरून माझा दहा महिन्यांत कडक झाला. कंपनीने सुटा एखादा तरी खोक्यात द्यायला हवा होता, २४ युरोत, एवढी माझी तक्रार. तिकडे कुठल्याही दुकानात पाकिटात तीन-तीन मिळतात, इथे डिचोलीत मी चार दुकानं फिरले, एकाने प्रामाणिकपणे मला पाण्याच्या नळाचा वॉशर दाखवला.

माझ्या चुलत बहिणीने माझं बघून ऑनलाइन एक मागवला, कुठल्या नावाचा ते सांगत नाही, आठशेला. दिसायला अगदी हाच. पत्रा हलका, आटे नीट बसत नाहीत, पहिल्याच दिवशी कमरेतून पाणी गळून गॅस विझला. परत केला. त्यामुळे घ्यायचा तर हातात घेऊन, फिरवून, व्हॉल्व्ह आहे की नुसता टिकलीसारखा चिकटवलाय ते बघून घ्या.

आता चव. नुसती काळी पिणारी घरात मी एकटीच. बाबांनी पहिल्यांदा चाखली तेव्हा एकच घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हें कितें गो, वखद?" म्हणजे, हे काय गं, औषध?

आमच्याकडे कॉफी म्हणजे रात्री जेवणानंतर, दुधात उकळलेली, साखर भरपूर आणि वर जायफळ. बाबांना ती कोजागिरीला लागतेच, आणि एरवी झोप येत नाही म्हणूनही लागते, कॉफी पिऊन झोप कशी येते ते विचारायचं नाही. मी एक दिवस गंमत म्हणून मोक्यातली अर्धी कॉफी, त्याच्या तिप्पट गरम दूध, दोन चमचे साखर आणि मामाचं जायफळ किसून त्यांच्यासमोर ठेवली. संपवली. दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला स्वयंपाकघरात आवाज आला म्हणून गेले तर बाबा चष्मा लावून मोक्याच्या व्हॉल्व्हकडे बघतायत आणि पाणी कुठपर्यंत ते बोटाने मोजतायत. आता रोज रात्रीचा मोका त्यांचा. धुवायला अर्थातच मी.

मी हे व्हिडिओ कॉलवर मैत्रिणीला सांगितलं, इथे रात्रीचे दहा, तिकडे संध्याकाळचे साडेसहा. तिने ते समोरच्या सिन्योराला सांगितलं. रात्री, जेवणानंतर, दुधाची कॉफी, हे ऐकून त्या बाईंनी डोळेच मिटले म्हणे. मग जायफळ घालतात हे ऐकलं, थोडा वेळ गप्प बसल्या, आणि विचारलं, किती?

घ्यावा की नाही? एकटे राहत असाल, किंवा दोघंच कॉफीवाले असाल, सकाळी पाच मिनिटं गॅसपुढे उभं राहायची तयारी असेल, तर तीन कपांचा जरूर घ्या, वीज नाही, कागदाचे फिल्टर नाहीत, लाइट गेली तरी कॉफी होते आणि आमच्याकडे लाइट जातेच. आठ पाहुण्यांना एकदम कॉफी द्यायची असेल तर मात्र आपलं पातेलंच बरं. चवथीला घरात वीस माणसं असतात तेव्हा मोका कोणी बाहेर काढत नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक रबराचा कापला. मैत्रीण यंदा चवथीला येतेय, तिला सांगून ठेवलंय, रबराची दोन पाकिटं आण, तीन कपांची, सहाची नको. सिन्योराने जायफळं मागितलीयत, पत्रीसकट, तेवढी मामाला अजून सांगायची आहेत.